साक्षीला ये म्हणाला होतास

जना,

तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. काल रविवार होता. मुरबाडहून शहापूरच्या एसटीत बसलो, शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली आणि तू चढायचास ते सरळगाव आल्यावर नेहमीसारखी उचलून मांडीवर घेतली. एक बाई येऊन बसल्या. मला त्यांचा राग आला. त्यांचा काय दोष, त्यांनी तिकीट काढलं होतं. पण आला.

तू पहिल्यांदा त्या गाडीत चढलास तेव्हाही मला तुझा रागच आला होता. डावा पाय ओढत आलास, माझ्याकडे बघून उगाच हसलास आणि नेमका शेजारी बसलास. मी म्हटलं, हा ओळखीचा निघाला तर मेलो. तू विचारलंस, "कुठं, शहापूर?" मी म्हणालो, "गिरणीचा पट्टा आणायला." खरं तर पट्टा मुरबाडलाच मिळतो. तू म्हणालास, "माझं बी जरा कामच हाय." तुझं काय काम ते मी विचारलं नाही आणि माझा पट्टा किती फुटी ते तू विचारलं नाहीस. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसे आपण दोघं तासभर खिडकीबाहेर बघत बसलो.

शहापूरला उतरल्यावर तर तमाशाच. मी डावीकडे वळलो, तूही डावीकडे. मी पानाच्या टपरीशी थांबलो, तू समोर चपला बघत थांबलास. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवरच्या एका चिटोऱ्यावर पत्ता वाचला होता. तो फाडून घ्यायची हिंमत झाली नाही, म्हणून पाठ केला होता: बुद्धविहारामागची खोली. पण विहार कुठं हे विचारायचं कसं? शेवटी एका चहावाल्याला विचारलं, "इथं रविवारी सत्संग असतो तो कुठं?" आणि मागून तुझा आवाज आला, "मला बी सत्संगालाच जायचंय." चहावाल्यानं आपल्या दोघांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, "दारू सोडायचा ना? विहाराच्या मागं. जावा, चालू झालाय."

त्यानंतर आपण त्या मीटिंगला कधी मीटिंग म्हटलंच नाही. मंदा, माझी बायको, अजून विचारते, "सत्संगाला जाताय ना?"

मुरबाडला गुरुवारी मीटिंग असते हे मला ठाऊक होतं. माझ्या गिरणीपासून दोन गल्ल्या. म्हणूनच तर मी शहापूर गाठलं. आत जाऊन बघतो तर निम्मे मुरबाड तालुक्यातले. प्रकाशदादा, उंबरमाळीचे, रेल्वेत गँगमन होते, ते खोली उघडायचे आणि चहा करायचे. ते म्हणाले, "शहापूरवाले गुरवारी मुरबाडला जातात. एसटीचा धंदा आमच्या जिवावर चाललाय." तू इतक्या जोरात हसलास की तुझ्याखालचा बाक वाजला. लहान पोरांचे बाक होते ते, कुठल्या तरी बालवाडीतून आलेले. गुडघे छातीला लावून आपण दहा-बारा दारुडे बसलेलो.

तुझी पाळी आली तेव्हा तू उभा राहिलास आणि म्हणालास, "माझं नाव जनार्दन, मी दारुडा हाय. मला लय काय सांगायचं नाय. माझी पोरगी मला बाबा बोलत नाय." आणि बसलास. त्या दिवशी मी काय बोललो ते मला एक अक्षर आठवत नाही. तुझं सगळं आठवतं.

हळूहळू एसटीत तू मला बाकीचं सांगितलंस. सुनंदावहिनी सोनलला घेऊन किन्हवलीला भावाकडे निघून गेल्या त्याला सात वर्षं झाली होती. तेव्हा सोनल बारा वर्षांची होती. आणि आपली गाडी किन्हवलीवरूनच जायची. मामाचं झेरॉक्सचं दुकान स्टँडच्या समोर, रविवारी तिथं सोनल बसायची. म्हणून तुला ती एकच बाजू हवी असायची, खिडकी. दुसरं कुणी बसलेलं असलं तर तू हात जोडून उठवायचास, "मला उलटी होते" म्हणायचास. पीत होतास तेव्हा कधी झाल्या नसतील इतक्या उलट्या तू त्या खिडकीसाठी खोट्या सांगितल्यास.

एकदा किन्हवली सुटल्यावर तू माझा दंड धरलास. "दिसली. तिनं बघितलं."

"मग?"

"तोंड फिरवलं."

तू म्हणालास, "पन आधी बघितलं ना रे." शहापूरपर्यंत तेवढ्यावर खूश होतास.

दारू सोडून वर्ष झालं की ग्रुपमध्ये वाढदिवस करतात. केक असतो, आणि घरचं माणूस उठून दोन शब्द बोलतं. माझ्या वेळेला मंदा आली होती. डोक्यावरचा पदर सावरत उभी राहिली आणि म्हणाली, "आता हे घरी येतात तवा मी पावलांचा आवाज ऐकत बसत नाय." तीन आठवड्यांनी तुझा वाढदिवस. प्रकाशदादांनी विचारलं, "घरचं कोण बोलणार?" तू दाराकडे बघितलंस. कोण येणार होतं? कुणाला तू सांगितलंच नव्हतंस. मग मी उठलो. म्हणालो, मी बोलतो, मी याच्या घरचाच. चांगलं बोललो असेन, कारण प्रकाशदादा डोळे पुसत होते. चार भिंतींच्या आत मी फार शूर होतो, जना.

परतीच्या गाडीत तू विषय काढलास. केकचा तुकडा कागदात गुंडाळून तुझ्या मांडीवर होता.

"सुभाष, किन्हवलीला उतरू. तू साक्षीला ये."

"कसली साक्ष?"

"मी पीत नाय याची. मी एकटा गेलो तर ती उठून आत जाईल. माझ्या शब्दाला काय किंमत हाय? तिच्या डोक्यावर हात ठेवून तीनदा शपथ घेतली रे मी. तिसऱ्या टायमाला ती बोलली, बाबा, माझ्या डोक्यावर हात नको ठेवू, मी मरन. सात वर्षांची होती. तू गिरणीवाला, चार लोकं तुला मानतात. तू सांग, हा पीत नाय, मी डोळ्यानं बघतो."

आणि मी तुला नियम सांगितला. खोलीतलं खोलीत ठेवायचं. कोण येतं, काय बोलतं, बाहेर काढायचं नाही. नियम चांगला आहे, त्याच्यामुळेच आपल्यासारखे दार ढकलून आत येतात. पण तू तुझं स्वतःचं सांगायला निघाला होतास, त्याला नियम कुठं आड येत होता? आड येत होतो मी. किन्हवली माझी सासुरवाडी. मेहुण्याची तिथं जीप, सासऱ्यांचा गावात मान. मंदानं माहेरी कधी तोंड उघडलं नाही. मी तुझ्याबरोबर उतरलो असतो तर पहिला प्रश्न आला असता, तुमची दोघांची ओळख कुठली? मी तुला म्हणालो, "झाकली मूठ सव्वा लाखाची. अजून एक वर्ष जाऊ दे. पक्कं होऊ दे."

तू म्हणालास, "मूठ तुझी झाकलेली हाय, सुभाष. माझी गावानं कवाच उघडून बघितलीय."

किन्हवली आली आणि गेली. तू उतरला नाहीस. केकचा तुकडा सरळगावला उतरताना माझ्या हातात देऊन गेलास. दोन रविवार माझ्याशी बोलला नाहीस, मागच्या सीटवर बसलास. तिसऱ्या रविवारी शेजारी आलास आणि म्हणालास, "सत्संगाला चाललाव ना?" मी सुटलो असं मला वाटलं.

तू दारू सोडल्याचा तुझ्या वैशाखऱ्यात कुणालाच पत्ता नव्हता. गावात तुला प्यायला मिळेनासं झालं नाही, तू बसेनासा झालास. लोकांनी त्याचाही अर्थ लावला. जना आता गावठी घेत नाय, दर रविवारी शहापूरला जाऊन इंग्लिश मारतो. पाय ओढत परत येताना बघायचेच ना. दारूनं नस गेली होती तुझी, ती सोडल्यावर परत आली नाही. शुद्धीतला माणूस झोकांड्या देत घरी जायचा. तू हे सांगून सांगून हसायचास. मी म्हणायचो, सांगून टाक की त्यांना. तू म्हणायचास, "पोरीला सांगितलं नाय आनि गावाला कशाला सांगू? पयली ती." म्हणजे गावाची मूठसुद्धा मीच धरून ठेवली होती.

तो शुक्रवार. सकाळी गिरणीत फोन आला तुझा. माझ्या हाताला पीठ, फोन खांद्यात धरलेला.

"कौलं चाळतोय," म्हणालास. "पावसाच्या आधी करून घेतो. गणपतीला सोनलला बोलवायची. गळक्या घरात कशी बोलवू? यंदा तू येनार ना साक्षीला, का परत झाकली मूठ?"

समोर दळणाला रांग होती. मी म्हणालो, "बघू रविवारी."

"बघू," तू म्हणालास. आणि फोन ठेवलास. दोन वर्षं सात महिन्यांत मी तुझ्याशी किती बोललो असेन, आणि शेवटचा शब्द काय काढला तर बघू.

रविवारी सरळगावला तू चढला नाहीस. तुझा फोन लागेना. तुझ्या जागी पिशवी तशीच ठेवली. मागच्या सीटवर दोघं जण बोलत होते. "वैशाखऱ्याचा जना गेला ना परवा. कौलावरनं पडला." दुसरा म्हणाला, "पिऊन चढला आसंल." पहिला म्हणाला, "मंग काय तर. दारूनंच खाल्ला." माझ्या कानात गिरणी सुरू झाली. मला मागं वळून म्हणायचं होतं, अरे त्या सकाळी मी बोललोय त्याच्याशी, पाण्यासारखा स्वच्छ होता तो. मी वळलो नाही. शहापूरपर्यंत ती दोन माणसं तुला दारूत बुडवत राहिली आणि मी पिशवी धरून बसलो. मीटिंगमध्ये हे सांगितलं तेव्हा प्रकाशदादांनी चहाचा कप माझ्यासमोर ठेवला आणि तुझ्या बाकावर जाऊन बसले.

दहावा पुढच्या रविवारी आला. मीटिंग सोडून मी वैशाखऱ्याला आलो. नदीवर माणसं बरीच होती. तुझा भाऊ गणपत कल्याणहून आलेला, सणासुदीला येणारा, मला ओळखत नव्हता. सुनंदावहिनी बायकांमध्ये, पण जरा बाजूला बसल्या होत्या. आणि सोनल. खिडकीतून लांबून दिसायची ती मुलगी जवळून अगदी तुझ्यासारखी आहे रे, तेच रुंद कपाळ. दोघींना घेऊन आलेली जीप माझ्या मेहुण्याची निघाली. तो मला बघून चकित झाला. "दाजी, तुमी इकडं?" मी म्हणालो, "ओळखीचा होता." तेवढंच.

पिंड ठेवला. पानावर भात, वडा, तुझं विडीचं बंडल. कावळे समोरच्या आंब्यावर बसून होते, खाली येईनात. भटजी म्हणाले, काय इच्छा राहिली असेल ती बोला. गणपत हात जोडून म्हणाला, "सोनलचं लग्न मी करीन." कावळे हलले नाहीत. दुसरा कुणी म्हणाला, घर पडू देणार नाय. काही नाही. मग गणपतनं कपाळावर हात मारला. "माझ्या ध्यानातच नाय आलं बघा," म्हणाला आणि पिशवीतून चपटी काढली. वाईट भावनेनं नव्हे, जना. रडत होता तो. "हिच्यासाठी जल्मभर जीव टाकला माझ्या भावानं. शेवटचा घोट तरी सुखानं घे रे बाबा." आणि त्यानं बूच फिरवलं.

वास माझ्यापर्यंत आला. खोटं कशाला बोलू, तोंडाला पाणी सुटलं. आणि त्याच वेळेला मी सोनलकडे बघितलं. तिनं तोंड फिरवलं होतं. तू सांगितलं होतंस ना एसटीत, तसंच फिरवलं असणार तेव्हाही.

मी पुढं गेलो आणि गणपतचा हात धरला. "ओतू नका. तो पीत नव्हता."

"तुमी कोण?" गणपत म्हणाला. रागानं म्हणाला, त्याचं बरोबर होतं.

मला सांगायचं होतं की मी मुरबाडचा, माझी गिरणी आहे, तुमच्या भावाचा मित्र. पण इतकी वर्षं दर रविवारी कुणी कोण विचारलं की तोंडातून एकच वाक्य निघतं. हात आपोआप बाजूला गेले आणि मी मोठ्यानं म्हणालो, "माझं नाव सुभाष, मी दारुडा आहे."

म्हणून झाल्यावर मी सवयीनं थांबलोसुद्धा. खोलीत सगळे एका आवाजात म्हणतात ना, नमस्कार सुभाष. कुणी म्हणालं नाही. मेहुण्याचं तोंड उघडं राहिलं होतं. तू असतास तर तिथं पिंडाशेजारी पोट धरून हसला असतास, आणि त्या क्षणी मला तू फार हवा होतास.

मग सगळं सांगितलं. दोन वर्षं सात महिने एक थेंब नाही. रविवारी शहापूरला कुठं जायचास. पाय का ओढायचास. कौलावर का चढला होतास. गणपतनं बूच परत लावलं, पण बाटली कुठं ठेवायची हे त्याला कळेना, ती हातात घेऊनच तो खाली बसला. "मंग मला का नाय बोलला?" असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. कावळा शिवला म्हणतात नंतर. मी बघितलं नाही, मी सोनलकडे बघत होतो.

ती माझ्याजवळ आली. "काका, मला कुनी का नाय सांगितलं?"

मी म्हणालो, "तो सांगणार होता, बाळा."

खोटं नव्हतं. पण अर्धंच होतं, आणि अर्धं सांगून मी जीपच्या मागून वाट काढत निघून आलो. तुझी मुलगी तिथं उभी आणि तिला वाटलं असणार की बापाला दोन वर्षं सात महिन्यांत तिची आठवण झाली नाही. आठवडाभर मला गिरणीत उभं राहवेना. पिण्याची इच्छा झाली का विचारशील, तर झाली. प्रकाशदादांना फोन केला. ते म्हणाले, "आज नको पिऊस. आनि पोरीचं जे काय ऱ्हायलंय ते तुझं तू बघ, त्याला मी काय करू?"

म्हणून काल त्या बाईंना जरा सरका म्हणालो आणि किन्हवलीला उतरलो. कंडक्टर म्हणाला, "शहापूरचं तिकीट हाय तुमचं." म्हटलं, राहू दे.

सोनल दुकानात होती. मला बघून उठली नाही. मशीन चालू होतं, कुणाचे तरी आधारकार्डाचे कागद निघत होते. मी उभ्यानंच सांगायला सुरुवात केली, पण तिनं मला मधेच थांबवलं.

"मी बघायची त्यांना," म्हणाली. "दर रविवारी. खिडकीत बसलेले असायचे. गावातनं कळायचं ना, शहापूरला प्यायला जातात. मला वाटायचं, बघा, पोरीच्या दारावरनं प्यायला चाललेत आनि वर बघत पन ऱ्हातात. दर रविवारी तोंड फिरवलं मी, काका. एकदा पन उतरले का नाय?"

"उतरणार होता. दीड वर्षापासून म्हणत होता. मला साक्षीला ये म्हणाला. तुझा विश्वास बसणार नाही म्हणून. मी आलो नाही. इथं माझी सासुरवाडी आहे, मला लाज वाटली. त्याला मी उतरू दिलं नाही."

तिनं मशीन बंद केलं आणि आत निघून गेली. तू म्हणाला होतास तसंच, उठून आत. मी रस्त्यावर आलो. शहापूरची गाडी कधीच गेली होती. समोरून मेहुणा जीपमधून बघत होता, त्याच्याकडे हात केला, त्यानं केला नाही. तुझी माफी कशी मागायची हे मला कळत नव्हतं, जना, आणि आता कुणाकडे मागायची हेही कळत नव्हतं. मी स्टँडकडे चालायला लागलो.

"काका."

सोनल दोन खुर्च्या घेऊन बाहेर आली होती. प्लास्टिकच्या, लाल. दोन्ही तिनं दुकानाच्या दारात एका बाजूला मांडल्या आणि स्वतः समोर पायरीवर बसली. डोळे पुसलेले दिसत होते.

"बसा," म्हणाली. "पयल्यापासून सांगा."

मी एका खुर्चीवर बसलो. दुसरी माझ्या शेजारी तशीच रिकामी होती. सरळगावला तू पाय ओढत गाडीत चढलास, तिथून मी सुरुवात केली.